सुवर्णाची बुटकी कोरफड

१

ती गोष्ट २००४ सालची. त्या वर्षी न्यू जर्सीतली थंडी मार्च उजाडला तरी हलायला तयार नव्हती. वेस्ट विंडसरमध्ये रस्त्याकडेचे बर्फाचे ढीग काळे पडले होते, पण वितळायचं नाव घेत नव्हते. अशा एका सकाळी शरयूताई मुलाच्या डब्यासाठी घावन घालत असताना जगन्नाथरावांचा फोन आला.

"शरयूताई, सुवर्णा गेली."

शरयूताईंच्या हातातलं उलथनं तसंच राहिलं. जगन्नाथरावांची बायको सुवर्णा जाऊन दोन वर्षं होत आली होती.

"भावोजी, बरं आहे ना तुम्हाला?"

"तिचं झाड हो! तिची कोरफड. कुणीतरी उपटून नेली."

घावन करपलं. शरयूताईंनी गॅस बंद केला, बूट चढवले आणि घसरत-सावरत शेजारची गल्ली गाठली.

जगन्नाथराव केमिस्ट्रीचे माणूस, औषधांच्या कंपनीतून निवृत्त झालेले. पण त्यांच्या घराचं तळघर सुवर्णाचं होतं. तिथे ट्यूबलाइटखाली फळ्यांवर तिच्या कुंड्या मांडलेल्या. सगळ्या बुटक्या कोरफडी. त्यांतली ही सर्वांत लाडकी, मादागास्कर बेटावरच्या खडकांच्या फटींत उगवणारी जात. अख्खं झाड चहाच्या बशीत मावायचं. जाडसर त्रिकोणी पानं गर्द हिरवी, आणि त्यांवर साखर पेरल्यासारखे पांढरे खरखरीत ठिपके. सुवर्णाने ती बीपासून वाढवली होती. खडी जास्त, माती नावाला. पाणी बेतानं. थंडी दहा अंशांखाली गेली की तिला हुडहुडी भरते, असं सुवर्णा म्हणायची, जणू पाळण्यातलं मूल. तिच्या हयातीत ते झाड फुललं नाही. त्या फेब्रुवारीत पहिल्यांदा मधून फुलाच्या दांड्याचं टोक डोकावलं, तेव्हा जगन्नाथरावांनी शरयूताईंना मुद्दाम बोलावून ते दाखवलं होतं.

आता कुंडी होती, खडी होती, नावाची पट्टीही होती. मधोमध फक्त एक खड्डा होता.

"तळघराचं बाहेरचं दार आतून बंद होतं," जगन्नाथराव म्हणाले. "चोर घरातलाच आहे. आणि कोण आहे ते मला माहीत आहे."

त्यांनी बोट दाखवलं ते तळघरातल्याच दुसऱ्या दाराकडे. त्या दारामागे देवयानी राहत होती.

२

देवयानी नागपूरची. जवळच्या विद्यापीठात वनस्पतिशास्त्रात पीएच.डी. करत होती आणि तिथलंच काचघर सांभाळत होती. सुवर्णानेच तिला खोली दिली होती. सुवर्णा आजारी पडल्यावर कुंड्यांना पाणी घालायचं काम हिच्याकडे आलं.

"काकू, मी नाही नेलं न!" तिचा चेहरा रडून लाल झाला होता. "मी फक्त पराग मागितला होता. आमच्या काचघरातलं झाडसुद्धा आत्ताच फुलतंय. या जातीत एकट्या झाडाला बी धरत नाही, दुसऱ्या झाडाचा पराग लागतो. काका म्हणाले, सुवर्णाचं झाड आहे, हात लावायचा नाही. मी गप बसले."

"मग नेलं कुणी?"

"मला काय माहीत? पण काका म्हणतात, मी तुझ्या प्रोफेसरांना सांगणार. काकू, चोरीचा आळ आला तर माझं काचघराचं काम गेलं समजा. ते गेलं की पुढचं सगळंच गेलं. घरी काय सांगू मी?"

शरयूताईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. मिरज जंक्शनवर रेल्वेच्या हरवलेल्या सामानाच्या खात्यात त्यांनी उमेदीची सगळी वर्षं काढली होती. रडणारी माणसं त्यांना नवी नव्हती. खोटं रडणारीही नव्हती. ही मुलगी खरं रडत होती, पण तेवढ्यावर कुणी सुटत नाही, हेही त्यांना ठाऊक होतं.

वर स्वयंपाकघरात जगन्नाथरावांची बहीण शैलजा डिंक तळत होती. भावाची सून राधिका बाळंत होणार म्हणून ती कराडहून आली होती. पण बाळ दिवस भरायच्या आतच झालं. मुलगी, जेमतेम ओंजळीएवढी. ती अजून हॉस्पिटलात काचेच्या पेटीत होती आणि राधिका तिथेच बसून असायची.

"मला मेलीला काय करायचंय ते खडबडीत रोप?" शैलजा फणकारली. "देवाला वाहता येत नाही की भाजीत घालता येत नाही. पण दादा माझ्याकडेही तसंच बघतोय हो. परवा पोरीवरून मीठमोहऱ्या ओवाळल्या..."

"पोर तर हॉस्पिटलात आहे."

"तिच्या फोटोवरून ओवाळल्या. तव्यावर टाकल्या मात्र, आणि छताला लावलेलं ते धुराचं यंत्र असं कोकलायला लागलं! दादानं माझा उद्धार केला. म्हणाला, माझ्या घरात असले भिकार प्रकार चालणार नाहीत."

इतक्यात सौमित्र, जगन्नाथरावांचा मुलगा, जिना उतरून आला. सॉफ्टवेअरवाला, आईच्या वळणावर गेलेला. डोळे सुजलेले, दाढी वाढलेली.

"मावशी, तुम्ही पण? यार, बाबांचं काहीतरीच असतं. एका कॅक्टसवरून घरात पोलीस स्टेशन केलंय."

"कॅक्टस नव्हे रे, कोरफड. बाळी कशी आहे?"

"काल रात्री बॅड होती. श्वास थांबत होता मधेच. पहाटे स्टेबल झाली." त्याने कपाळ चोळलं. "मी निघतो. आणि आत्या, बाळाच्या खोलीत प्लीज जाऊ नकोस. पेंटचा वास आहे अजून."

शरयूताई घरी परतल्या त्या डोक्यात नुसता गुंता घेऊन. रस असणाऱ्या मुलीला संधी होती, पण ती रडत होती. संधी असणाऱ्या बाकीच्यांना रसच नव्हता. झाड मात्र नव्हतं.

आणि मग, पाडव्याच्या आदल्या दिवशी, झाड परत आलं.

३

त्या दिवशी बाळ घरी आलं. सगळं घर दाराशी गोळा झालं होतं. शैलजाने भाकरतुकडा ओवाळला, तेवढ्याला जगन्नाथरावांनी डोळेझाक केली. राधिकाने दुपट्यातली चिमणी शरयूताईंच्या हातात दिली. सौमित्र तेवढा दिसत नव्हता. मग तो वरून धावत आला आणि म्हणाला, "रूम रेडी आहे."

संध्याकाळी जगन्नाथराव तळघरात दिवे बंद करायला गेले आणि तिथूनच ओरडले.

कुंडीत झाड होतं. शरयूताई चष्मा सावरून बघत राहिल्या. पण बघावं तितकं कोडं वाढत होतं. खालच्या बशीत पाणी तुडुंब भरलेलं. गर्द हिरवी पानं एका बाजूने विटकरी लाल झालेली. आणि फुलाचा दांडा! तो चांगला वीतभर वाढला होता, टोकाला शेंदरी रंगाच्या इवल्या घंटा लागल्या होत्या. पण वर जायच्या ऐवजी तो छत्रीच्या मुठीसारखा गर्रकन वळून खाली, मातीकडे तोंड करून थांबला होता.

"हे माझं झाड नाही," जगन्नाथराव थंडपणे म्हणाले. "माझं हिरवं होतं. हे लाल आहे, वेडंवाकडं आहे. सुवर्णाचं झाड काचघरात ठेवून तिथलं टाकाऊ आणून लावलंय. देवयानी, सोमवारी सकाळी मी तुझ्या प्रोफेसरांना भेटतो. तू खोली बघ दुसरी."

देवयानी जिन्याच्या पायरीवरच बसली.

"भावोजी," शरयूताई म्हणाल्या, "मला उद्याचा दिवस द्या."

"कशाला? चोर सापडलाय."

"आमच्या खात्यात साहेब म्हणायचे, सामान सापडलं की काम संपत नाही, तिथून सुरू होतं. ट्रंक कुठून कुठे फिरली ते ट्रंकेच्या अंगावरच असतं. हे झाडसुद्धा कुठेतरी फिरून आलंय. त्याला विचारू द्या."

"झाडाला?" जगन्नाथरावांनी भुवया उंचावल्या. "विचारा. पण सोमवार म्हणजे सोमवार."

४

पाडव्याच्या सकाळी मागच्या लाकडी डेकवर गुढी उभी राहिली. काठी म्हणून शॉवरच्या पडद्याचा दांडा होता, आणि कडुलिंब नव्हताच. शरयूताईंनी मात्र कुंडी घेतली आणि मागच्या दाराशी, जिथे बूट काढतात तिथल्या बाकावर मांडली.

पहिला प्रश्न, झाड तेच का? त्यांनी काडीने खालची पानं हळूच बाजूला केली. एका पानाच्या कडेला खाच होती, वर वाळलेली खपली. शरयूताईंचे डोळे भरून आले. ही खाच पडली तेव्हा त्या समोर होत्या. सुवर्णा वाकली आणि तिचा चष्मा नाकावरून घसरून पानावर पडला. दोघी किती हसल्या होत्या! म्हणजे झाड सुवर्णाचंच. बदललेलं नव्हतं.

मग लाल का झालं?

"ऊन, काकू," देवयानी नाक पुसत म्हणाली. "ट्यूबखाली ही हिरवी राहते. खिडकीतलं कडक ऊन लागलं की लाल होते. पण एकाच बाजूने? कुंडी खिडकीत ठेवली तर आपण फिरवतो ना अधूनमधून."

"आणि हे पाणी?"

"तेच तर! मुळं उघडी पडलेलं झाड परत लावलं की आठवडाभर पाण्याचा थेंब द्यायचा नसतो. जखमा सुकाव्या लागतात, नाही तर सडतं. ज्यानं हे केलं, त्याला झाडातलं काहीसुद्धा कळत नाही."

शरयूताईंनी तिच्याकडे रोखून पाहिलं. पोरगी स्वतःची साक्ष स्वतःच देऊन बसली होती आणि तिला त्याचा पत्ताच नव्हता.

त्यांनी बोटाने बुंध्याजवळची खडी उकरली. मुळात काहीतरी अडकलं होतं. पांढरा, मेणचट, बारीक दोरा. त्यांनी तो नाकाशी नेला. पेपरमिंटच्या गोळीचा वास.

"शैला!" त्यांनी हाक मारली. "तू दात कशाने साफ करतेस गं?"

शैलजा श्रीखंडाचा चमचा हातात घेऊन दारात आली. "मी? वाटीत काढून ठेवते! वरचे आणि खालचे, दोन्ही. सणासुदीला हे काय विचारता, शरयूताई?"

"काही नाही. तू श्रीखंड बघ."

गुंता सुटायच्या ऐवजी वाढलाच. दात कोरायचा दोरा, खिडकीतलं ऊन, पाण्याचा पूर. आणि तो वाकडा दांडा. झाडाने असं तोंड मातीकडे का वळवलं असेल? फूल प्रकाशाकडे जातं, वर जातं, एवढं तर पोरांनाही कळतं.

हात टेकले असं म्हणत त्या उठल्या आणि बुटाची नाडी बांधायला वाकल्या. कंबर धरली होती, म्हणून तशाच ओणव्या राहिल्या. डोकं गुडघ्याशी, चेहरा उलटा. पायांमधल्या फटीतून त्यांना मागच्या बाकावरची कुंडी दिसली, तीही उलटी.

त्या तशाच थिजल्या. उलट्या कुंडीतली ती शेंदरी फुलं आता सरळ आभाळाकडे बघत होती.

५

सत्तावीस वर्षांपूर्वीची मिरज त्यांच्या डोळ्यांपुढे उभी राहिली. तेव्हा सुवर्णा आणि शरयूताई भिंतीला भिंत लावून राहायच्या. सौमित्र पाच वर्षांचा, टायफॉइडने अंथरुणाला खिळलेला. सुवर्णाने दारावर मुळासकट कोरफड उलटी टांगली होती. ती तशी टांगली की दृष्ट लागत नाही, म्हणतात. मातीविना, पाण्याविना ती कोरफड जगली. जगली एवढंच नाही, फुलली. आणि फुलाचा दांडा खाली लोंबला नाही, छत्रीच्या मुठीसारखा वळून वर आभाळाकडे गेला. झाड उलटं झालं तरी फुलाला वर कुठे हे कळतं.

हे झाडही टांगलेलं होतं.

शरयूताई स्वयंपाकघरात जाऊन शैलजासमोर बसल्या. "शैला, पोरीला दृष्ट लागू नये म्हणून तू कोरफड टांगली असतीस, तर कुठे?"

"पुढच्या दारावर. चारचौघांत. लपवायला ते काय पाप आहे? आणि ती बशीतली नाही हो, चांगली हातभर आणली असती इंडियन स्टोअरमधून."

"आणि काढली असतीस कधी?"

"काढायची कशाला? पोर घरात आली की खरी गरज!"

शरयूताईंनी डोळे मिटले. गाठ सुटली होती. झाड काढलं गेलं ते नेमकं बाळ घरी आलं त्या दिवशी. मानणारं माणूस त्या दिवशी टांगेल, काढणार नाही. काढणारा तोच, ज्याला ते कुणी बघितलेलं चालणार नव्हतं.

त्या हळूहळू जिना चढल्या. तळघरात ऊन नव्हतं. शैलजाची खोली उत्तरेची, तिच्या खिडकीत अजून बर्फ होता. सौमित्र-राधिकाची खोलीही त्याच बाजूला. दक्षिणेचं ऊन एकाच खोलीत यायचं, आणि त्या खोलीत वासाच्या नावाखाली इतके दिवस कुणाला पाऊल टाकू दिलं नव्हतं.

बाळ झोपलं होतं. राधिकाही शेजारच्या खुर्चीत पेंगत होती. शरयूताई आत शिरल्या, वळल्या आणि दाराच्या चौकटीच्या आतल्या बाजूला वर बघितलं. खिडकीच्या बरोबर समोर, ताज्या रंगात, एक खिळा होता.

"मावशी."

मागे सौमित्र उभा होता. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

६

ती दोघं जिन्याच्या पायरीवर बसली.

"तुम्हाला कसं कळलं?"

"फुलानं सांगितलं. आणि तुझ्या दात कोरायच्या दोऱ्यानं."

"घरात दुसरा दोरा सापडेना." तो हसायला गेला आणि त्याचा आवाज फाटला. "हॉस्पिटलमधून फोन आला त्या रात्री. मी गाडीची चावी घ्यायला खाली गेलो आणि तळघरातच उतरलो. मला स्वतःलाच कळलं नाही मी काय करतोय. मी असल्या गोष्टी मानत नाही, मावशी. खरंच नाही मानत. पण डोक्यात एकच होतं, की मला ताप होता तेव्हा आईनं दारावर ती टांगली होती. ही पण आईचीच होती ना."

"मग बोलला का नाहीस?"

"बाबांना? तुम्हाला आठवतं ना, त्यांनी ती काढून फेकली होती? मी अंथरुणातून बघत होतो. आई काहीच बोलली नाही. नुसती बघत राहिली." त्याने तळहातांनी डोळे पुसले. "आणि मग ते देवयानीवर घसरले. मला वाटलं, झाड परत ठेवलं की मिटेल. प्लीज, मावशी, तुम्हीच सांगा काहीतरी. उंदीर म्हणा, काहीही म्हणा."

"उंदरानं नेलं आणि पाणी घालून परत लावलं?" शरयूताईंनी त्याचा हात धरला. "सौमित्र, तुला तुझ्या पोरीचं भय होतं. खाली एक पोरगी बॅग भरतेय. तीही कुणाची तरी पोरच आहे. मी सांगितलं तर तो निकाल होईल. तू सांगितलंस तर ती सुटेल."

सौमित्र उठला आणि डेककडे गेला.

जगन्नाथराव डेकवर गुढीपाशी उभे होते. शरयूताई काचेच्या दाराआडून बघत राहिल्या. शब्द ऐकू येत नव्हते, फक्त सौमित्रचे हलणारे हात दिसत होते. एकदा त्याने हात वर उचलून हवेत खिळा ठोकल्याची खूण केली. आता कडाडतील, असं शरयूताईंना वाटलं. पण जगन्नाथराव खाली बसले, त्या ओल्या लाकडावरच.

आत आले तेव्हा त्यांचा आवाज ओळखू येत नव्हता.

"शरयूताई, मिरजेला मी ती फेकली, तेव्हा तिला फूल होतं?"

"होतं."

"मी बघितलंच नव्हतं."

मग ते तळघराच्या दाराशी गेले आणि वरूनच हाक मारली, "देवयानी, बेटा, मला माफ कर. बॅग रिकामी कर आणि वर ये." जरा थांबून म्हणाले, "आणि येताना तुझ्या काचघरातला तो पराग कसा आणायचा, तेही सांग."

देवयानी वर आली, पण लगेच हसली नाही. श्रीखंडाची वाटी तिने घेतली, ती हातात धरून उभी राहिली. "काका, तुम्ही मला एकदा तरी विचारायला पाहिजे होतं," एवढंच म्हणाली. जगन्नाथरावांनी मान खाली घातली.

७

त्या वाकड्या दांड्यावरच्या फुलांना बी धरलं. देवयानीने चिमट्याने पराग लावला, आणि बारीक बोंडं तडकली तेव्हा जगन्नाथराव हातात पांढरा कागद धरून लहान मुलासारखे उभे होते. रोपं आली ती मोहरीएवढी. दोन उन्हाळे गेल्यावर ती झाडांसारखी दिसायला लागली.

देवयानी पुढच्या वर्षीच खोली सोडून गेली, भांडून नव्हे, लग्न करून. ती आता वनस्पतिशास्त्र शिकवते. ऐकीव गोष्टीवर विश्वास ठेवू नका, झाडाला विचारा, असं विद्यार्थ्यांना सांगते म्हणे. शैलजा कराडला परतली. भावाने अमेरिकेत तिला मीठमोहऱ्या ओवाळू दिल्या, पण यंत्राची बॅटरी काढून, हे ती अजून सांगत असते. राधिकाला खिळ्याची गोष्ट सौमित्रने बऱ्याच महिन्यांनी सांगितली. ती म्हणाली, वेडा आहेस, मला सांगितलं असतंस तर मीच स्टूल धरलं असतं. बाळीचं नाव चैत्राली ठेवलं. काचेच्या पेटीतली ती चिमणी दोन वर्षांत घरभर पळायला लागली, कुणाच्या हाती लागेना.

शरयूताईंची कंबर तेव्हापासून सरळ झाली नाही. नाडी बांधायला वाकल्या की त्या दरवेळी एकदा मागे वळून बघतात.

२००७ मध्ये सौमित्रला बॉथेलला नोकरी लागली, देशाच्या दुसऱ्या टोकाला. सामान बांधायच्या दिवशी जगन्नाथरावांनी एक छोटं खोकं आणून शरयूताईंच्या हातात दिलं. "तुम्ही द्या त्याला. मी दिलं तर तो वाद घालेल."

कोरफड लांब पाठवायची तर अशीच पाठवतात, माती झटकून, मुळं मोकळी, वर्तमानपत्रात गुंडाळून. सुवर्णाच्या झाडाचं ते पहिलं रोप होतं. शरयूताईंनी कागद जरा सैल करून आत बघितलं. बुंध्याशी पांढऱ्या दोऱ्याचा एक फास आधीच बांधून ठेवला होता, खिळ्याला अडकवता येईल एवढा.

पेपरमिंटचा वास येत होता.